गुरुत्वमध्याचं कडं

बाजारातल्या सभागृहात गर्दी अशी, की माणूस आत शिरला तरी त्याचा सदरा दाराबाहेरच अडकून राहावा. व्यासपीठावर ऊर्जागुरू. समोर एक शिंपी, एका पायावर, हात आडवे पसरून. गुरूंनी त्याच्या तळहातावर दोन बोटं दाबली आणि शिंपी कोलमडला. मग त्याच्या हातात तांब्याचं कडं चढवलं, पुन्हा दाबलं. शिंपी ढिम्म हलला नाही.

"शरीराचा तोल साधला की सगळं ताब्यात," गुरू म्हणाले. "रक्तदाब, साखर, सासू."

पहिल्या रांगेत विश्वकोश बसली होती. विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि एका प्रश्नाला तीन उत्तरं द्यायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. शेजारी तिची मावशी. मावशीच्या हातात कडं होतं आणि मधुमेहाच्या गोळ्या आठ दिवस कपाटात पडून होत्या. कालच जिन्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"मावशी, गोळ्या सुरू कर गं."

"तू गप बस. तुझ्या पुस्तकापेक्षा माझ्या हाताला जास्त कळतं."

कॉलेजात लोकांना विज्ञान समजावून सांगण्याचा वर्ग चालायचा. तिथली हुशारी इथेच दाखवावी म्हणून विश्वकोश व्यासपीठावर चढली आणि गुरुत्वमध्य, आधारक्षेत्र, बलाघूर्ण यांवर वीस मिनिटं बोलली. लोक जांभया देत होते. गुरू मात्र मन लावून ऐकत होते, आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ऐकलंत? कॉलेजची ताई सांगते, सगळा खेळ गुरुत्वमध्याचा. आमचं कडं तेच दुरुस्त करतं."

दुपारपर्यंत बाहेर पाटी लागली: 'गुरुत्वमध्य कडं, कॉलेजमान्य'. मावशीने दुसऱ्या हातातही एक चढवलं. "तुझ्यामुळेच पटलं हो," ती कौतुकाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विश्वकोश पडेल चेहऱ्याने वर्गात आली. त्या वर्गाची परीक्षा कँटीनवाले काका घ्यायचे; त्यांना कळलं तरच पास. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी तिला तेच भाषण काकांपुढे करायला लावलं.

"काय कळलं, काका?" मॅडमनी विचारलं.

"पोरगी हुशार आहे, एवढं कळलं."

मॅडम हसल्या. "तू लोकांना शब्द दिलेस, ते गुरूने उचलले. मावशी कशावर विश्वास ठेवते?"

"स्वतःच्या हातावर."

"मग हातालाच शिकव की."

मग तासभर वर्गात सगळ्यांनी एकमेकांना पाडलं. काका तर दोनदा पडले.

पुढच्या सभेत विश्वकोश उठली आणि एकच वाक्य बोलली. "गुरुजी, आज तुम्ही उभे राहा, मावशी दाबेल."

"त्याला साधना लागते," गुरू म्हणाले.

"दोन बोटंच तर लागतात," मागून शिंपी म्हणाला. गर्दी हसली. नाही म्हणायची सोय उरली नाही. गुरू दोन्ही हातांत कडी घालून एका पायावर उभे राहिले.

"मावशी, दाबताना जोर थोडा बाहेर, त्यांच्या अंगापासून लांब जाऊ दे."

मावशीने दाबलं. गुरू थेट कड्यांच्या खोक्यात जाऊन बसले.

"आता शिंपीकाका, कडं काढून या. मावशी, तेवढंच दाब, पण जोर त्यांच्या अंगाकडे ने."

शिंपी जागचा हलला नाही.

"म्हणजे कड्यात काही नाही?" मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिली. "सगळं दाबणाऱ्यावर आहे?"

ती हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती. पाच मिनिटांत अख्खं सभागृह एका पायावर उभं होतं, जणू तळ्यावर बगळे उतरलेत. जो तो शेजाऱ्याला पाडून बघत होता. त्या धांदलीत गुरू मागच्या दाराने गेले. पळताना त्यांना दोन्ही पाय लागले.

"इतके दिवस मी कशाच्या भरवशावर होते गं?" मावशीने विचारलं.

विश्वकोशच्या जिभेवर तीन उत्तरं आली. तिने तिन्ही गिळली आणि रिक्षा थांबवली. दवाखान्यात साखर भरमसाट निघाली. डॉक्टर रागावले आणि मावशीने तिथेच पाणी मागून गोळी घेतली.

मंडळी, चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त करणाऱ्याला म्हणा, जरा बाजूला व्हा, मला करून बघू द्या. खरं असेल ते तुमच्या हातूनही होईल. आणि तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.