दिसला तर रफू कसला

माझ्या सासूबाई रफू तपासतात तो डोळे मिटून. आता मिटले काय नि उघडले काय, दोन्ही सारखंच, कारण सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं ते गेलंच नाही. पण दिसत होतं तेव्हाही त्या मिटूनच तपासायच्या. कपडा मांडीवर पसरायचा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावरून सावकाश फिरवायचं. बोट कुठेतरी थांबायचं, हनुवटी जराशी वर व्हायची आणि शब्द यायचा, "इथे."

बस, एवढंच. "इथे" म्हणजे रफू सापडला. सापडला म्हणजे उसवा आणि पुन्हा करा. लग्न होऊन या घरात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी ते "इथे" ऐकतेय. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या कंटाळून "चालेल, दे" म्हणायच्या. "छान झालंय" म्हणायला जीभ झिजते बहुतेक. मी माहेरी जाऊन रडलेली आहे या "इथे"पायी, आणि आईने मला समजावून परत पाठवलेलं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, ठिगळ कोणीही लावेल. रफूत त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकाच्या जागी उभे-आडवे विणून कापडच भरून काढायचं. नंतर मालकाला विचारलं, कुठे फाटलं होतं हो, तर त्याला बोट ठेवता येऊ नये. "दिसला तर रफू कसला!" हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य.

आमचं सगळं काम यायचं ते कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून. लाँड्रीवाले काका कपडे आमच्याकडे धाडायचे, आम्ही ते करून परत धाडायचो. गिऱ्हाईक काकांना म्हणायचं, वा, काय काम आहे तुमचं! काका म्हणायचे, आहेच मुळी. आधी सासूबाई नि मग मी, एवढी वर्षं त्यांच्या पाठीमागे बसलो आणि एका माणसाने आमचं तोंड पाहिलं नाही. मला त्याचं काही वाटायचंही नाही. खोटं कशाला बोलू, कधीकधी वाटायचं.

तर काका एक दिवस घरी आले आणि म्हणाले, गुडघे गेले, मुलगा बोलावतोय, अडीच महिन्यांनी दुकान बंद. काकांनी दुकान बंद केलं म्हणजे आमचं काम बंद, कारण आम्ही आहोत हे जगात त्यांच्याखेरीज कोणाला माहीतच नव्हतं. आमचे हे बसच्या डेपोत आहेत, उपाशी काही मरणार नव्हतो. ह्यांनी लगेच माझ्यासाठी जागाही शोधली, चादरींच्या कारखान्यात, कडा मारायला. दिवसभर सरळ रेषा. मशीनवर. मला नको होतं ते! मला रफूच करायचा होता. जो हात कमवायला सव्वीस वर्षं आणि हजारदा "इथे" लागलं, तो सरळ रेषा मारायला द्यायचा? पण हे बोलणार कोणापाशी? सासूबाई तर त्या दिवसापासून गप्पच झाल्या होत्या.

शेवटी लेकीने फोनवरून माझं नाव परस्पर घालून टाकलं. लेक असते परगावी, पण तिथून माझा कान धरते. "आई, बायकांच्या उद्योगांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आहे. आठ शनिवार, सकाळी अकरा वाजता. एक मार्गदर्शक असते. तू फक्त बस."

बसले. खिडकीपाशी, बटणांच्या डब्याला फोन टेकवून. पहिल्या शनिवारी प्रत्येकीने आपली ओळख करून द्यायची होती. साबणवाली बोलली, मेणबत्तीवाली बोलली, कुत्र्यांचे स्वेटर विणणारी एक होती तीही बोलली. माझी पाळी आली तशी मी घसा खाकरून पाच मिनिटं काय बोलले म्हणता! घामाघूम झाले. संपल्यावर मार्गदर्शक मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमचा आवाज बंद आहे."

"यंत्रालासुद्धा कळलं, ही बोलत नाही म्हणून," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. काका येऊन गेल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य, म्हणून मी रागावले नाही.

मॅडम म्हणजे पोरगीच होती हो, माझ्या लेकीएवढी. सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं मास्तरीणबाई. दुसऱ्या शनिवारी मी आवाज चालू करून बोलले, "मी असंच घरी थोडंफार रफूचं करते." मास्तरीणबाईंनी मला तिथेच थांबवलं. "असंच नाही, थोडंफारही नाही. पुन्हा सांगा." तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही दिसायला हव्यात. तुमचं काम लोकांना दिसायला हवं."

"दिसला तर रफू कसला!" कोपरा कडाडला.

"कोण बोललं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, रेडिओ," मी म्हटलं. पुढे आठवडाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलणार कशा, रेडिओ ना!

तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता, कामाआधीचा आणि कामानंतरचा फोटो. मी एका राखाडी कोटाचे दोन फोटो काढले, खिशाजवळ बोटभर फाटलेलं ते आणि रफू केल्यावरचं. पाठवले. शनिवारी पडद्यावर दोन्ही शेजारी-शेजारी आले आणि मास्तरीणबाई म्हणाली, "ताई, गडबड झाली. हा दुसरा फोटो कोट फाटायच्या आधीचा आहे. दुरुस्तीनंतरचा पाठवा ना."

"तोच आहे," मी म्हटलं.

"मग दुरुस्ती कुठे आहे?"

"तिथेच."

"कुठे?"

आता काय सांगू कपाळ! साबणवाली म्हणाली, "ताईंनी नवा कोट आणला असेल!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. फोन बंद केला आणि मला एवढं लागलं की मी दिवसभर सुई हातात धरली नाही. वाईट काम करणाऱ्याला हसतात हे समजतं. चांगलं केलं म्हणून हसू व्हावं, हा कुठला न्याय?

पुढचे तीन शनिवार असेच गेले. बाकीच्या बायकांची खोकी सजली, चिठ्ठ्या छापल्या, गिऱ्हाइकं लागली. माझ्याकडे दाखवायला काय, तर न फाटलेला कोट. इकडे काकांनी दुकानातली कपाटं विकायला काढली. आणि सातव्या शनिवारी मास्तरीणबाईंनी सांगितलं की शेवटच्या दिवशी पाहुणी येणार आहे, एका नाटक कंपनीचे कपडे सांभाळणारी बाई. तिच्याकडे शेकडो जुने कोट आणि झगे आहेत आणि ते दुरुस्त करायला ती कायमचा हात शोधतेय. प्रत्येकीला पाच मिनिटं मिळतील.

हे म्हणजे माझ्यासाठीच होतं. आणि माझ्यापाशीच दाखवायला काही नव्हतं.

सोमवारी दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला, मला एकटीला. म्हणाली, "ताई, मी सात आठवडे तुम्हाला दिसा-दिसा म्हणतेय. पण खरं सांगू? तुमचं काम कसं दाखवायचं ते मलाच येत नाहीये. चूक तुमची नाही, माझी आहे." एवढ्याशा पोरीने स्वतःची चूक मान्य करावी याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मग तिने विचारलं, "रफू चांगला झाला हे तुम्हाला कळतं कसं?"

"आईंना, म्हणजे सासूबाईंना विचारते. सहा वर्षं झाली, त्यांना दिसत नाही, पण विचारते त्यांनाच."

"मग त्यांना कळतं कसं?"

"त्या बोट फिरवतात. सापडला तर उसवायचा."

ती हळूच म्हणाली, "ताई, आजींना शनिवारी तुमच्या शेजारी बसवाल?"

मास्तरीणबाईंच्या सांगण्यावरून नाटकवाल्या बाईंनी कुरिअरने पाठवलेला एक काळा लोकरी कोट मंगळवारी आला. पाठीवर अंगठ्याच्या नखाएवढं भोक, कुठल्याशा दिव्याने जळलेलं. मास्तरीणबाईंनी भोकाचा फोटो आधीच सगळ्यांना पाठवून ठेवला. म्हणजे आता हात दाखवून अवलक्षण! मी सासूबाईंपुढे विषय काढला तर म्हणाल्या, "मी काय जत्रेतलं माकड आहे, चार बायकांपुढे नाचायला?" मी म्हटलं, नका येऊ. आणि कोटाला बसले. चार दिवस बसले. काळ्यावर काळा धागा म्हणजे डोळ्यांची परीक्षा असते. शुक्रवारी संध्याकाळी उजेड जायला लागला तसे शेवटचे धागे मी घाईत ओढले. आईंना तपासायला दिला नाही. भीती वाटली. सापडला तर पुन्हा करायला वेळ कुठे होता?

शनिवारी पावणेअकराला मागे वळून बघते तर सासूबाई केस विंचरून, ठेवणीतली शाल पांघरून खुर्चीत बसलेल्या. खुर्चीही आपली आपणच चाचपडत ओढत आणलेली. "रेडिओ लाव," म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी रफूगार आहे." असंच नाही, थोडंफार नाही. "या माझ्या सासूबाई, माझ्या गुरू. यांना दिसत नाही. पण यांच्या बोटाला सापडणार नाही असा रफू मला आजवर जमलेला नाही." एवढं बोलून कोट त्यांच्या मांडीवर पसरला आणि फोन त्यांच्या हातावर धरला.

त्यांनी डोळे मिटले. बोट निघालं कॉलरपासून. खाली आलं, आडवं गेलं, परत फिरलं. तीस-चाळीस बायका पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत बसलेल्या, सगळ्या पडद्याकडे वाकलेल्या. बोट पाठीच्या मध्यावर आलं, जळक्या भोकाच्या जागी.

आणि थांबलं.

हनुवटी जराशी वर झाली. सव्वीस वर्षं बघत आलेय मी ती हनुवटी. संपलं, मनात म्हटलं. चादरी तर चादरी.

पण बोट पुढे सरकलं. शेवटच्या शिवणीपर्यंत जाऊन परत वर आलं, मग सासूबाईंनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाही सापडत."

"नक्की ना आजी?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"साठ वर्षं हेच केलं मी. माझ्या सुनेचा हात आहे तो. मला नाही सापडत, तुम्हाला काय सापडणार?"

मग काय विचारता! टाळ्या पडल्या. साबणवाली तर ओरडलीच. नाटकवाल्या बाई म्हणाल्या, हा परत पाठवा, मी पुढचे अकरा धाडते, आणि ते झाले की आणखी. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी आभारबिभार काय मानले मला आठवत नाही.

फोन बंद केला. घरात आम्ही दोघीच. त्यांची मान खिडकीकडे वळलेली.

"आई," मी म्हटलं, "सापडला होता ना?"

त्या शालीची कड बोटांनी चाचपू लागल्या.

"तुमचं बोट थांबलं होतं. मी बघितलं."

"बघितलंस तर विचारतेस कशाला?" मग म्हणाल्या, "उजव्या अंगाचे तीन धागे घट्ट ओढलेस. घाई केलीस."

"मग खोटं का बोललात? आयुष्यात कधी बोलला नाहीत. मला तर एकदाही सोडलं नाहीत!"

त्या हसल्या. त्यांचा चेहरा हसताना फार वेगळा दिसतो, फारसा सरावाचा नाही म्हणून असेल. "अगं, जन्मभर लोकांचं फाटलेलं झाकत आले. एकदा घरचं झाकलं तर काय बिघडलं?" आणि मांडीवरचा कोट माझ्या अंगावर टाकून म्हणाल्या, "तो अजून गेला नाही ना घरातून? मग खोटं अजून खरं करता येतं. उसव."

मी उसवला. रविवार नि सोमवार पुन्हा बसले, भर उजेडात, एकेक धागा मोजून-मापून. सोमवारी दुपारी कोट त्यांच्या मांडीवर पसरला. बोट गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताचंही बोट लावलं, असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी हनुवटीकडे बघत उभी. ती हलली नाही.

त्यांनी कोटाची नीट घडी घातली. घडीवरून एकदा तळवा फिरवला.

"चहा टाक," म्हणाल्या. "दोघींना टाक."

मी आत जाऊन आधण ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडून घेतलं.