ओलं लाकूड घालू नये

मी एक माहितीपत्रक बोलतोय. आठ पानांचा, दोन टाचण्यांनी शिवलेला, मधल्या पानांवर डांबर सांडलेला. सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या न्हाणीघराच्या, शेगडीबरोबर मी फुकट आलो. फुकट आलेल्याची किंमत काय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

माझा जन्म फिनलंडातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. मला लिहिलं तिथल्या मुकादमानं. शब्दांच्या बाबतीत हा माणूस इतका चिक्कू, की लग्नाची मागणी घालतानाही म्हणे "बरं मग?" एवढंच बोलला होता. त्यामुळे माझ्यात एक शब्द जास्तीचा सापडायचा नाही. 'ओलं लाकूड घालू नये. पहिला धूर जाऊ द्यावा. पोट लाल झाल्याशिवाय पाणी टाकू नये. पाणी टाकणाऱ्यानं तोंड फिरवावं.' सगळं असं सरळ.

ओउलू शहराबाहेरच्या रौतावुओरी कुटुंबानं शेगडी घेतली आणि मला न उघडताच खिळ्याला टांगलं. दोष त्यांचा नाही. सौना तापवणं फिनिश माणूस आईच्या पोटातूनच शिकून येतो, अशी इथली पक्की समजूत आहे. शेगडीचं पत्रक वाचायचं म्हणजे चारचौघांत स्वतःचं नाक कापून घ्यायचं. वीस वर्षं मी तिथे लटकत होतो. राग यायचा. नुसतं टांगायचं होतं तर लिहिलं कशाला?

या घरचा मुलगा इल्पो. मोठा होऊन तो 'राखेचं सिंहासन' नावाच्या हेवी मेटल बँडचा गायक झाला. केस कमरेपर्यंत, अंगावर कातडं आणि खिळे, आवाज असा की आजारी अस्वलानं वाट सोडावी. पण घरात शिरताना बूट काढून ओळीत ठेवणार. एकदा नवं गाणं अडलं. चाल तयार, ढोल तयार, शब्दांचा पत्ता नाही. तीन दिवस तो सौनाच्या बाहेरच्या खोलीत डोकं धरून बसला. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं दाराला आतून कडी घातली, आणि मला खिळ्यावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो मला जसाच्या तसा गर्जला. ढोलवाला रेइमा डोळे पुसत उठला.

"अरे, काटा आला बघ अंगावर! कुठून काढलंस हे?"

"जुनं आहे."

"किती जुनं?"

"बरंच."

आमच्याकडे याला लांबलचक संभाषण म्हणतात. पुढे कोणी काही विचारलं नाही.

गाणं देशभर गाजलं. लोकांनी मला दंडावर गोंदवून घेतलं. गाण्याचा शेवट तर सगळ्यांना वेड लावणारा होता. 'आणि तिसरा धूर उठला की—' इथेच सगळं थांबायचं. खरं कारण एवढंच, की माझं चौथं पान डांबरानं पाचव्याला चिकटलं होतं आणि फाटेल या भीतीनं इल्पोनं ते सोडवलं नाही.

मग इंकेरी मालमिवाराबाई आल्या. मेटलच्या गाण्यांवर कोणकोणत्या साहित्याचे संस्कार झालेत, यावर त्या विद्यापीठात संशोधन करत होत्या. त्यांचे लेख इल्पो सौनाच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचायचा आणि कपाळावर हात मारायचा. ओलं लाकूड म्हणजे न ढाळलेले अश्रू. तोंड फिरवणारा म्हणजे देवाच्या नजरेला नजर न देऊ शकणारा पुजारी. हे सगळं अग्निपूजेच्या कुठल्याशा हरवलेल्या सूक्तातून आलंय. आणि त्या अर्ध्या वाक्यावर तर साठ पानं, मृत्यूपुढचं मौन म्हणून! माझा जीव तुटत होता. त्यांनी इल्पोला पत्र लिहून उगम विचारला. यानं उत्तर पाठवलं, "जुनं आहे."

सात वर्षांनी बाईंच्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी इल्पोनं मला कोटाच्या खिशात घातलं. आदल्या रात्री इल्पोकडून सगळं कळलेला रेइमा दार अडवून उभा.

"वेडा आहेस का? चोरी केली म्हण, माणूस मारला म्हण. पण शेगडीचं पत्रक वाचलं म्हणून सांगू नकोस, बाबा! तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"आज ना उद्या कोणीतरी ही पानं उघडणारच, रेइमा. मग जन्मभर लोक तिला हसतील. माझ्यामुळे."

सभागृहात परीक्षक आउलिस केकालाइनेन सरांनी बाईंना तीन तास नुसतं सोलून काढलं. मग रीतीप्रमाणे बाई श्रोत्यांकडे वळल्या आणि कोणाचा काही आक्षेप असल्यास उठून सांगावा, असं म्हणाल्या. यावर कधीच कोणी उठत नाही. बाहेर कॉफी आणि केक मांडलेला असतो.

इल्पो उठला. त्यानं मला वर धरलं.

"ते सूक्त वगैरे काही नाही. हे शेगडीचं पत्रक आहे." तो म्हणाला, "मी ते वाचलं."

सभागृहात कोणीतरी "अरेरे!" म्हणालं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इल्पो मान खाली घालून मला वाचत सुटला. ओलं लाकूड, पहिला धूर, लाल पोट... "आणि तिसरा धूर उठला की—"

"—झडप अर्धी बंद करावी," केकालाइनेन सर म्हणाले.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. सर कानापर्यंत लाल झाले.

"सर, तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"तीस वर्षं."

"माझी ती साठ पानं वाचताना पण?"

"तेव्हा तर जास्तच. पण सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे वाचलंय हे कबूल करावं लागलं असतं!" बाई टेबलावर हात आपटून ओरडल्या. "माझी सात वर्षं गेली, आणि तुम्ही दोघं बाप्ये लाजत बसलात!"

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं हळूच हात वर केला. त्यानंही वाचलं होतं. मग आणखी एकानं. बघता बघता अर्धं सभागृह हात वर करून जमिनीकडे बघत होतं.

सर घसा खाकरत उभे राहिले. ज्याचा संस्कार सगळ्यांवर झालाय आणि कोणीच कबूल करत नाही, असं साहित्य या बाईंनी शोधून काढलं आहे, जरी त्यांना स्वतःला ते कळलं नसलं तरी, असं म्हणून त्यांनी प्रबंध मान्य केला. अट एकच, चौथं प्रकरण पुन्हा लिहायचं.

सगळे कॉफीकडे पळाले. बाई मात्र पायरीवर बसल्या. त्यांनी इल्पोच्या हातून मला घेतलं, नखानं डांबर खरवडून पानं सोडवली आणि मला पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. झडप, राख, दगडांची रचना, हमीच्या अटीसुद्धा. मला शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, मला रडू आलं, पण कागदानं रडू नये.

आठव्या पानावरची शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. "हे पत्रक जपून ठेवावं."

इल्पोनं मला परत घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे माझ्याकडे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला पिशवीत ठेवलं.