इंजिन चालू, दार उघडं

मी पाण्याचा ट्रक बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा आवाजही माझ्याच मापाचा आहे, खऱ्या ट्रकचा पस्तीसावा हिस्सा. मी लष्करातला आहे, पण माझ्याकडे तोफ नाही की बंदूक नाही. पाठीवर पाण्याची टाकी आणि पुढे दोन माणसांपुरती केबिन, एवढाच माझा रुबाब.

दुकानात मला कुणी विचारत नसे. शेजारच्या खोक्यांतले रणगाडे हातोहात खपायचे आणि मी सुट्या भागांच्या रूपात धूळ खात पडलेला. दार वेगळं, चाकं वेगळी, चालकसुद्धा तुकड्यांत. एक दिवस एक काका आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्या खोक्यावरचं चित्र अगदी नाकाशी धरलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हाच. हाच चालवायचा तो." दुकानदाराने कोण म्हणून विचारलं नाही. बरं केलं.

काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. गल्लीत त्यांना नकाशेकाकाच म्हणत. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. घरात साधा खिळा ठोकायचा तरी आधी कागदावर आराखडा! काकू शाळेत शिवण शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "अहो, तुमचा नकाशा होईपर्यंत मी भिंत पाडून नवी बांधून घेते." हे सगळं मी मागाहून ऐकलं. मी घरात आलो तेव्हा दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा, घरातला सोन्या, माझ्यासारखाच ट्रक चालवायचा. डोंगरातल्या चौक्यांना पाणी पोहोचवायचं काम होतं त्याचं. तिथे फोन लागत नसे, म्हणून तो पत्रं लिहायचा. एका वळणावर वरून दरड आली आणि तो गेला. मी आलो तेव्हा त्याला आठ महिने झाले होते.

काकांनी मला त्या पत्रांवर बेतून जोडलं. 'डावा मडगार्ड चेपलाय' असं एका पत्रात होतं, तर त्यांनी सुई तापवून माझा डावा मडगार्ड चेपला. दुखलं, पण मी ब्र काढला नाही. चालकाचा चेहरा रंगवायला त्यांना चार दिवस लागले. कानाजवळचा तीळसुद्धा सोडला नाही. मग गुडघे वाकवून बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर धरलेला तो चालक त्यांनी माझ्या सीटवर चिकटवला. काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "दार नीट लावा हं. तिकडे वारं फार असतं."

काकांनी दार लावलं आणि कडेने गोंद फिरवला. चूक झाली ती इथे.

मग देखावा करायचं ठरलं. दुकानदार त्याला डायोरामा म्हणायचा, पण काका आपले देखावाच म्हणत. एक लाकडी फळी, तिच्यावर प्लास्टरचा डोंगर, डोंगराच्या कडेने रस्ता, रस्त्याला ते वळण आणि त्यावर मी. काकांचा नियम होता की आराखडा पक्का झाल्याशिवाय गोंदाला हात लावायचा नाही, कारण देखाव्यात एकच क्षण असतो आणि चिकटवला की तो कायमचा. आमचा सोन्या कायमचा कसा दिसणार, एवढाच प्रश्न होता. पण तो सुटेना.

पहिल्या आराखड्यात मी ऐन वळणावर होतो. दुसऱ्यात बोटभर मागे. तिसऱ्यात आणखी बोटभर. काका रोज सकाळी आलेखाचा कागद पसरायचे, मला उचलून फळीवर ठेवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि मान हलवून मला मागे सरकवायचे. बाराव्या आराखड्यात तर मी फळीच्या पार मागच्या कडेला पोहोचलो, मागची चाकं जवळजवळ अधांतरी. काकू केर काढता काढता थांबल्या.

"अहो, आणखी मागे नेलात तर घरीच येईल तो."

बोलून गेल्या आणि केरसुणी तिथेच टाकून आत निघून गेल्या. काकांनी त्या दिवशी कागद गुंडाळून ठेवले. मला मात्र हलवलं नाही.

पुढच्याच महिन्यात सोन्याचा जोडीदार आला. दोघं एकाच ट्रकवर होते. चांगला उंचापुरा गडी, पण खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. काकांनी हौसेने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने मडगार्ड बघितला, हसला. मग केबिनवर त्याची नजर गेली आणि हसू मावळलं.

"काका, दार बंद नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"रस्त्यावर दगड आला होता, म्हणून थांबलो. इंजिन चालूच होतं. दार उघडं टाकून तो उतरला. म्हणाला, तू बस, मी एवढा दगड सारून येतो. त्याने सारला पण. आणि मग वरून..." त्याने मला हलकेच टेबलावर ठेवलं. "मी बसलो, काकू. तो म्हणाला बस आणि मी बसून राहिलो."

काकू उठल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बरं केलंस बसलास," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला हे सांगायला कोण आलं असतं?"

तो गेल्यावर काकांनी ब्लेड घेतलं आणि माझं दार कापून सोडवलं. त्याचा चरा अजून माझ्या अंगावर आहे. चालकालाही सीटवरून उचकटलं. पण आता नवीनच पंचाईत झाली. तो बसलेला होता. दगड सारायला त्याला उभा करायचा, तर पाय गुडघ्यात कापून सरळ जोडायला हवे होते. हे काम करणारे सगळे असंच करतात, दुकानदारानेही तसंच सांगितलं. काकांनी त्याला चिमट्यात धरलं, ब्लेड गुडघ्याशी नेलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते टेबलावर डोकं टेकवून रडले. मी घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"मला नाही जमणार गं. पोराचे पाय कसे कापू मी?"

काकूंनी त्यांच्या हातून चिमटा काढून घेतला. "उभा कशाला करायचा? बसू दे. दमला असेल."

"अगं, पण तो दगड सारायला उतरला होता. खोटं होईल ते."

"सारून झालाय दगड. तो म्हणाला ना, सारला म्हणून? मग आता त्याच दगडावर बसलाय."

काकांनी आयुष्यात एक रेघ चुकीची ओढली नव्हती. त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला. मग पेन्सिल घेऊन त्यांनी तेरावा आराखडा काढला.

सोन्या दगडावर छान बसला. हात मात्र तसेच पुढे, स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि मधे काहीच नाही. ते रिकामे हात कुणाला बघवेनात. काकू कपाटाशी गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. सोन्याच्या सामानाबरोबर परत आलेलं त्यांचंच शेवटचं पत्र होतं ते. तो गेल्यावर तिथे पोहोचलेलं, न फोडलेलं. काकूंनी ते स्वतः फोडलं.

"काय लिहिलं होतंस?" काकांनी विचारलं.

"काय असणार? नळाचा वॉशर बदलला, शेजारची ताई पास झाली, तुमचा खोकला. आणि शेवटी, लवकर ये."

शिवणाच्या कात्रीने त्यांनी नखाएवढा तुकडा कापला. त्यावर एकच अक्षर मावलं, 'ये'. काका सवयीने म्हणाले, "मापात बसत नाही गं. एवढ्याशा कागदावर अक्षर फार मोठं दिसेल."

"दिसू दे. मोठंच लिही म्हणायचा तो मला."

चिमट्याने त्यांनी तो कागद त्याच्या दोन्ही हातांत अडकवला. काकांनी गोंद पुढे केला, तर त्यांनी बाटली बाजूला सारली. "चिकटवला तर घडी घालून खिशात कसा ठेवेल तो?"

आता मी काचेच्या पेटीत आहे, शिवणयंत्राशेजारी. बाकी सगळं चिकटवलेलं आहे, मीसुद्धा. फक्त तो कागद सुटा आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती करतो, आता मला हात नाहीत ही गोष्ट वेगळी. कधी या घरी आलात तर काच उचलू नका. उचललीच तर हळू, श्वास धरून. एका फुंकरीत त्याचं पत्र उडून जाईल, आणि काकूंची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

तेरावा आराखडा फळीच्या खालच्या बाजूला डकवलेला आहे. त्यात माझ्या चित्राशेजारी काकांनी बारीक अक्षरात लिहिलंय: 'इंजिन चालू. दिसणार नाही, पण चालू.' काकांचा शब्द मी मोडत नाही. दार उघडं टाकून उभा आहे. त्याचं वाचून झालं की आम्ही निघू.