दसऱ्याला न वाजलेला फोन

त्या सकाळी खटकलेली पहिली गोष्ट अगदी लहान होती. फोन वाजला नाही.

मी परळच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, टेबलाखाली बसलेली मशीन बोलतेय. मला सर्व्हर म्हणतात, पण नावावर जाऊ नका. मी मिठाईच्या खोक्याएवढी, आणि लाइट जरा कमीजास्त झाली तरी दचकणारी.

ही खोली टीबीच्या पेशंटसाठी चालवलेल्या हेल्पलाइनची. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलमधून औषधं घेऊन घरी गेलेली माणसं इथे फोन करतात. मळमळतंय म्हणतात, कानात शिट्टी वाजते म्हणतात, सुनेनं ताट वेगळं केलंय म्हणतात. ते सगळे फोन माझ्यातून येतात. माणसांची एक सवय मला त्यातूनच कळली. तब्येत विचारली की आधी ‘बरं आहे’ म्हणतात, आणि खरं काय ते फोन ठेवता ठेवता सांगतात.

रोजचा पहिला फोन दौलतकाकांचा. डिलाईल रोडला एकटे राहतात. स्वतःचा फोन नाही. शेजारच्या पद्मजाताईंच्या मोबाइलवरून बोलतात. त्यांनी औषधं मध्येच सोडली होती, आणि आता पुन्हा सोडली तर द्यायला दुसरं काही उरणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या गोळ्या म्हणजे नुसत्या समोर दिसल्या तरी पोटात ढवळतं. म्हणून प्राचीने त्यांना एक सवय लावली. फोन चालू ठेवायचा आणि तिच्याशी बोलता बोलता गिळायच्या.

“आहेस ना पोरी?” काका विचारायचे.

“आहे काका.”

मग एक गोळी. पाण्याचा घोट. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, वाटी रिकामी होईपर्यंत.

प्राची म्हणजे फोन घेणारी मुलगी. समाजकार्याचं कॉलेज करून इथे लागली. वरच्या मजल्यावर पाट आपटला तरी छातीवर हात ठेवते. आमचं त्यामुळेच जमतं.

मी इथे आल्यावर ही पहिलीच खंडेनवमी. संस्था चालवणाऱ्या बकुळाताई देवगडच्या. पूजा त्यांनीच केली. संध्याकाळी फोन थांबल्यावर म्हणाल्या, राबते बिचारी, आज निजू दे तिला. त्यांच्या गावी पूजेला मांडलेली पावशी, म्हणजे साधी विळीसुद्धा, दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. त्यांनी मला बंद केलं, धूळ पुसली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. त्या मायेनेच घात केला.

दसऱ्याला प्राची एकटी आली. घरचे सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेले होते. ड्युटी तिने मागून घेतली होती. तिने बटण दाबलं, माझे हिरवे दिवे लागले. हिरवं दिसलं की माणसं निश्चिंत होतात.

फोन वाजला नाही. सणाचा दिवस, उशिरा उठले असतील, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून हेल्पलाइनचा नंबर लावला. ‘ही सेवा सध्या उपलब्ध नाही.’ तिच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? मला नावं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. फोन कंपनीच्या यंत्राला हाक मारायची तर त्याचा आकडा मी नेम सर्व्हरला, म्हणजे नावावरून आकडा सांगणाऱ्या दूरच्या यंत्राला विचारते. मध्यंतरी आमचं इंटरनेट बदललं, तेव्हा मला बसवणाऱ्या अवधूतने नव्या नेम सर्व्हरचा आकडा माझ्या एका फाइलमध्ये हाताने लिहिला. राऊटरमध्ये मात्र जुनाच राहिला. राऊटरचं ऐकू नकोस, असं त्याने मला सांगितलं होतं खरं, पण ते सांगणं मी बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकणारं होतं. एका रात्रीच्या झोपेत मी ते विसरले. उठल्याबरोबर राऊटरने जुना आकडा सांगितला आणि मी तो मुकाट लिहून घेतला. त्या पत्त्यावर आता कुणीच नाही.

प्राचीने अवधूतला फोन लावला. तो कणकवलीला, रेंजच्या बाहेर. बकुळाताई घेईनात. मग ती माझ्यापुढे जमिनीवर बसली. अवधूतने एकदा दाखवलं होतं तसं फोन कंपनीचा आकडा टाकून पाहिलं, समोरून उत्तर आलं. नाव टाकलं, काही नाही. शोधत शोधत ती त्या फाइलपर्यंत पोहोचली आणि तिने बरोबर आकडा लिहिला. लाइन आली. तिने डोळे मिटून श्वास सोडला. तेवढ्यात राऊटरने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा खोडलं.

तिने परत लिहिलं. मी परत खोडलं. प्रत्येक वेळी पुसणारी मीच होते.

“तू तरी असं करू नकोस गं,” ती मला म्हणाली. तिला रडू आलं.

फाइलच्या पहिल्याच ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, ही फाइल राऊटरच्या सांगण्यावरून आपोआप लिहिली जाते, हाताने बदलू नका. घाबरलेलं माणूस पहिली ओळ वाचत नाही. तिनेही ती वाचली तेव्हा दुपार झाली होती. मग ती राऊटरमध्ये शिरली, तिथला आकडा बदलला, आणि या वेळी लाइन आली ती राहिली. लगेच एक बाई विचारत होत्या, या गोळ्यांवर श्रीखंड चालतं का. प्राचीने नीट उत्तर दिलं. फोन ठेवला, सकाळपासूनच्या धांदलीत राहून गेलेलं आठवलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

दौलतकाका.

तिने पद्मजाताईंचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मोबाइलवरून लावला. आमच्याकडून गेलेला फोन तिकडे वेगळ्याच नंबरने दिसतो, आणि अनोळखी नंबर आजकाल कोण उचलतं? जावं तर लाइन सोडून कशी जाणार, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती नुसती लावत राहिली. प्रत्येक रिंग माझ्यातून जात होती आणि तशीच परत येत होती.

लोकहो, मला हार घाला, कुंकू लावा, माझी ना नाही. पण मला निजवण्याआधी एकदा विचारा, हिच्या पलीकडे कोण बसलंय? मी उठले नाही तर त्याला काय वाटेल?

काकांना काय वाटलं असेल, ते मला माहीत होतं. आजवर त्यांचे फोन सगळ्यांनीच उचलायचे बंद केले होते. मुलाने, भावाने, जुन्या सोबत्यांनी. आज आम्हीही.

रिंग थांबली.

“कोण बोलतंय?” पद्मजाताईंना धाप लागली होती. “आत्ताच विहारातून येतेय, फोन सायलेंटवर होता.”

“मी प्राची. हेल्पलाइनवरून. काका…”

पद्मजाताईंचा आवाज उतरला.

“सकाळी किती वेळ लावत होते तुम्हाला. मग फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, घेऊन जा. आत्ता येताना डोकावले, तर गोळ्या वाटीत तशाच आहेत. आणि काका भिंतीकडे तोंड करून पडलेत, हाक मारली तरी बघत नाहीत.”

 मला पलीकडे फक्त पावलं ऐकू आली, मग पद्मजाताईंचा आवाज, फोनपासून जरा लांब, हळू.

“काका, अहो काका. उठा बघू. लागला फोन. आहे ती.”