मोरीतला बोळा

छप्पन साली नवऱ्याला, हिंदुरावांना, पिंपरीच्या कारखान्यात काम लागलं आणि कुसुमताई साताऱ्याकडचं गाव सोडून चिंचवडच्या नव्या चाळीत आल्या. गावी मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परड्यात जाई. रात्री घूस शिरू नये म्हणून भोकाला जुन्या लुगड्याचा बोळा लावायचा. सकाळी तो घट्ट बसलेला असला, की काठीनं ढोसायचा. पलीकडे अळूत पडला की उचलून आणायचा.

इथं मोरीखाली पाइप होता. सगळ्या खोल्यांचा मिळून एकच, शेवटच्या खोलीखालून खड्ड्यात जाणारा. एका सकाळी कुसुमताईंनी रात्री लावलेला बोळा सवयीनं ढोसला. तो गेला. इथं परडं नाही, हे मागून लक्षात आलं.

दुपारी शेवटच्या खोलीत मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं, पार बाळंतिणीच्या बाजेखाली. ठकुबाईंची सून रंभा बाळाला छातीशी धरून बाजेवर बसून राहिली.

"दुपटं सोडलंस मोरीत!" ठकुबाई कडाडल्या. "डोळं कुटं असत्यात गं तुजं? उद्या चऱ्होलीला जा आयकडं. तितं नदीत सोड काय सोडायचं ते!"

"मी न्हाई सोडलं, आत्याबाई," रंभा म्हणाली. मग जरा थांबून, "झोपंच्या भरात गेलं असंल तर ठावं न्हाई."

कुसुमताईंनी पाणी उपसलं, फरशी राखेनं घासली, बाळाला रोजच्यासारखं तेल लावून न्हाऊ घातलं. बोलायचं तेवढं राहिलं.

"ताई, सख्खी बहीण करायची न्हाई एवढं," रंभा म्हणाली. कुसुमताईंनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी रंभाच्या नवऱ्यानं, सोपानरावानं, बांबूच्या कामटीला तारेचा आकडा बांधून पाइपातून चिंधी ओढून काढली. बुळबुळीत, काळीठिक्कर. कुणाची, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"बघ, तुज्या बायकूचं दुपटं!" ठकुबाई म्हणाल्या. दाराशी रंभाचं गाठोडं बांधून तयार होतं.

कुसुमताई पुढं झाल्या. चिंधी उचलून त्यांनी बादलीत खळबळली, पिळली, परत खळबळली. हिरवा काठ दिसू लागला. तोच काठ त्यांच्या अंगावरच्या चोळीच्या बाह्यांनाही होता.

"माझ्या लुगड्याचा बोळा हाय. मीच ढोसला."

"अगं बया!" ठकुबाई म्हणाल्या.

रंभा बाजेवरून बघत होती. "ताई, काल फरशी घासताना ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय."

रंभानं गाठोडं आत ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंनी नेहमीच्या वेळी तेल कोमट करून ठेवलं. शेवटच्या खोलीत बाळ रडलं, पाणी ओतल्याचा आवाज झाला, बाळ गप्प झालं. हाक आली नाही. तेलाची वाटी त्यांनी पुन्हा चुलीच्या कडेला सरकवून ठेवली.