घडीव दगडांची घरं

चर्चच्या पाळकांनी पेंटरबाईला चिठ्ठीवर बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याची एकच ओळ लिहून दिली: तुम्ही घडीव दगडांची घरं बांधलीत, पण त्यांत राहणार नाही. फलक फाटकावर लावायचा, वस्तीकडे तोंड करून.

पंधरा दिवसांपूर्वी नाल्याच्या पुरात वस्ती वाहून गेली होती, पेंटरबाईच्या ताईच्या घरासकट. हा देवाचा न्याय, असं पाळक प्रार्थनेत म्हणाले, आणि ताईनं ते मनाला लावून घेतलं. तंबूत गाठोड्यावर बसून असायची. नवं घर उभारायचं नावच काढत नव्हती. माझ्याच हातून काही पाप झालं असणार, एवढंच पालुपद.

पेंटरबाईनं बायबल काढून अख्खं वचन वाचलं, खालच्या टिपा वाचल्या, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक पाळकांकडे गेली. ही नुसती वचनाची शेपटी आहे, म्हणाली. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, आमोसच्या काळी, राज्यात सुबत्ता होती. श्रीमंतांनी गरिबाला तुडवून, त्याच्या धान्यातला वाटा उपटून दगडी घरं चढवली, म्हणून हा आमोस, साधा मेंढपाळ, त्यांच्या तोंडावर बोलला. गरिबांना नाही बोलला. 'तुम्ही गरिबाला तुडवता' हे आधीचं वाक्यच तुम्ही कापलंत.

"बोर्ड लहान आहे, बाळा," पाळक म्हणाले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या गिरणीमालकाच्या दगडी बंगल्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याच बंगल्याच्या कुंपणभिंतीनं नाला वस्तीकडे वळला होता.

दात-ओठ खात ती तंबूत आली.

"ताई, तुझं घर कशाचं होतं गं?"

"पत्र्याचं. तुला काय माहीत नाही?"

"मग दगडाचा शाप पत्र्याला कसा लागला?"

ताईनं मान वर केली आणि कनातीच्या फटीतून बंगल्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईनं शिडी धरली आणि पेंटरबाईनं फलक चढवला, बंगल्याकडे तोंड करून. 'तुम्ही गरिबाला तुडवता' ही अक्षरं इतकी जाड होती की पुढं जागाच उरली नव्हती. पाळक धावत आले, बाकीची ओळ कुठंय म्हणाले.

"बोर्ड लहान आहे, काका."

ती खाली उतरली तेव्हा ताई डब्यात डोकावत होती.

"उरलेला रंग मला दे," ताई म्हणाली. "नव्या पत्र्याला लावते."