दगडावरचा नायटा

माझी बायको पंचशीला दर वर्षी थंडीत एका दगडाचा फोटो काढायची. लोकांना ती एवढंच सांगायची. खरं तर फोटो दगडाचा नसायचा, दगडावर चढलेल्या एका करड्या-हिरव्या डागाचा असायचा.

तिचं माहेर इस्लापूरजवळ. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला हा दगड आहे, काळा, बसलेल्या म्हशीएवढा. डाग परातीएवढा होता. गावात त्याला दगडाचा नायटा म्हणायचे. मसाल्यात घालतो ते दगडफूल याच जातीचं, पण ते सुटून हातात येतं. हा नखानंही निघत नव्हता.

पंचशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिनं मासिकात जगातल्या सगळ्यात जुन्या जिवंत गोष्टींचे फोटो पाहिले. परदेशातली झाडं होती, आणि दगडांवरचे असेच डाग होते, हजारो वर्षांचे. ती म्हणाली, "अहो, हा तर आपल्या ओढ्यावर हाय." आपला किती जुना ते तिलाही माहीत नव्हतं. ते शोधायलाच तिनं फोटो सुरू केले. दर वर्षी त्याच जागेवरून, डागाशेजारी शाळेतली पट्टी ठेवून. मी एसटीच्या वर्कशॉपातला माणूस. मी कॅमेऱ्याचा स्टँड धरायचो. घरी आल्यावर ती जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून मला फरक विचारायची. मला कधी दिसला नाही.

"न्हाई दिसत ना?" ती म्हणायची. "मग परातीएवढा व्हायला किती काळ लागला असंल, बघा. तथागत चालत होते तेव्हा हा इथं असंल."

माहेरी तिनं हे एकदा समजावून सांगायला घेतलं होतं. तिची धाकटी बहीण रेणुका म्हणाली, "ताई, नायट्याला मलम लावतेत. तू फोटो काढून राहिली." सगळे हसले. तीही हसली, सांगणं अर्धंच राहिलं. त्यानंतर मात्र तिनं तिथं हा विषय काढला नाही.

गेल्या थंडीत तिला उभं राहवत नव्हतं, तिनं खुर्चीत बसून फोटो काढला. नंतर दवाखान्यात म्हणाली, "पुढच्या वर्षी चुकवू नका. मधलं वर्ष सुटलं की हिशेब लागत न्हाई." थोड्याच दिवसांत ती गेली.

वर्षभर मी कसा होतो ते सांगत बसत नाही. कामावर जायचो, घरी यायचो, दिवा लावायचंही सुचायचं नाही. पण हा फोटो डोक्यात होता. दुसरं काही करायचं उरलंच नव्हतं.

पहिलं पुण्यस्मरण माहेरी करायचं रेणुकानं ठरवलं. मी आदल्या दिवशी नांदेडहून कॅमेरा घेऊन गेलो. ती फाट्यावरच उभी होती.

"दाजी, सामान राहू द्या. आधी ओढ्यावर चला. डोळे मिटून."

"डोळे मिटून चाललो तर पाण्यात पडंन."

"पडा की. तेवढेच कपडे धुतले जातील. कवाचे घातलेत?"

तिचा नवरा सत्यम ओढ्यावर होता. त्याच्या हातात तारेचा ब्रश होता. दगड निळा झाला होता. ऑइल पेंटचे दोन हात, वर पांढरं धम्मचक्र, खाली अक्षरं: पंचशीला मॅडम स्मृतिस्थळ.

"ताईचा लई जीव होता ह्या दगडावर," रेणुका म्हणाली. "म्हणलं, कार्यक्रम इथंच करू."

सत्यमनं मला हात दाखवले. बोटं सोलली होती. "साडूभाऊ, नायटा लई चिवट. ब्रशला ऐकंना. मग ॲसिड टाकलं, तवा निघाला."

मी दगडाभोवती फिरलो. खाली वाकून, मातीला लागलेल्या कडेपर्यंत पाहिलं. कुठं काही राहिलं नव्हतं.

"आवडलं का न्हाई?" रेणुकानं विचारलं.

"चांगलं झालंय," मी म्हणालो. तिला तेच सांगून फोटो तसाच काढायचा, असं मी ठरवलं. झालेलं परत येणार नव्हतं.

सत्यमनं ॲसिडची बाटली उचलली. "तो वरचा सपाट दगड राहिलाय. त्याच्यावर पंचशील लिहायचंय. तिथं बी तसलाच नायटा हाय, तळहाताएवढा. दिवस मावळायच्या आत काढतो."

तो चालायला लागला. मी गप्प राहिलो असतो तर तो डागही गेला असता.

"सत्यम, थांबा," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं.

रेणुका आधी हसली. "मस्करी करून राहिले." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "जिवंत होता?"

"हाव."

"ताई खरंच त्याच्यासाठी यायची? दगडासाठी न्हाई?"

"त्याच्यासाठी."

सत्यमनं बाटली खाली ठेवली. रेणुका माझ्यावर ओरडली, "मग सांगायचं होतं की! तिनं बी न्हाई, तुम्ही बी न्हाई. एकदा हसलो म्हणून आमच्यापुढं तोंडच बंद? आम्ही काय वैरी होतो का तिचे?"

ती दगडाजवळ बसून नखानं रंग खरवडायला लागली. सत्यमनं तिचा हात धरला.

"परत येईल का?" तिनं विचारलं.

"येईल कदाचित."

"कवा?"

"आपण कुणी न्हाई बघणार."

सकाळी उन्हं कोवळी असताना मी स्टँड लावला. जागा तीच, पट्टी तिथंच. फोटोत पट्टीशेजारी निळा रंग आला. मग वरच्या सपाट दगडावरचा लहान डाग घेतला. त्याच्याशेजारी ठेवायला मागच्या वर्षीचा फोटो नव्हता.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणं झाला. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. लोकांनी निळ्या दगडापुढं फुलं, मेणबत्त्या ठेवल्या. रेणुका मागं उभी होती. शेजारच्या म्हाताऱ्या कमलम्मा तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"बहिणीचं नाव काढलं गं पोरी. दगड कसा आरशावानी केलाय. असं दर साली करत जा."

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हाव, मावशी," ती म्हणाली, आणि वाढायला गेली.